थो. दे. सात

धार, ता. ९ जानेवारी १९२४

चि. नीलकंठास सगुणाताईचे अनेक आशीर्वाद.

माझी इंदू जाऊन आज चौदा दिवस झाले. तू येऊ शकला नाहीस, त्याचे मनाला लावून घेऊ नकोस.

काम वेगळेच आहे. त्या दिवशी एका मोटारीने आमच्या टांग्याला मागून धडक दिली आणि न थांबता गेली. तिच्या मागची नंबराची पाटी मी वाचली: थो. दे. ७. टांगेवाला गणोजी म्हणाला, इथल्या मोटारींवर धार लिहितात, ही देवासच्या दोन राज्यांपैकी थोरल्या पातीची. फौजदारांनी मात्र त्यालाच कोंडले. म्हणे घोडे भरधाव सोडून त्याने पोर मारली. मी पाटीचे सांगितले तर हसले. बाईंनी पोथी वाचावी म्हणाले, पळती मोटार वाचू नये.

अठरा तारखेस सुनावणी आहे. गणोजीची बायको रोज दारात येऊन बसते. मोटार कोणाची, एवढे लवकर कळव. तुझ्यावाचून मला कोण आहे?

सगुणा


देवास, ता. १३ जानेवारी

गं. भा. सगुणाताईच्या पायी नीलकंठाचा साष्टांग नमस्कार.

सात नंबर उदाजीरावांचा. त्यांचीच मी कारकुनी करतो, त्यांच्याच जागेत आम्ही पाच माणसे राहतो. त्या दिवशी ते धारेस लग्नाला आले होते.

ताई, पदर पसरतो तुझ्यापुढे, एक अक्षर बदल. धा. दे. होते म्हण. इथे रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी; दोन्हीकडचे कागद फिरण्यात वर्ष जाईल. धाकटीत सात नंबरच नाही, तेव्हा आळही कोणावर येणार नाही. इंदू तर परत येत नाही.

हे पत्र फाडून टाक. आम्हांला सांभाळून घे.

नीलकंठ


धार, ता. १९ जानेवारी

चि. नीलकंठास आशीर्वाद.

धाकटीत तसा नंबर नाही, म्हणजे मी खोटी ठरले असते आणि गणोजी आतच राहिला असता. हे तुला दिसले नाही, असे मला वाटत नाही.

काल माझी नजर पारखायला न्यायाधीशांनी शिपायाला लांब दाराशी कागद धरून उभे केले आणि मला वाचायला लावले. मी वाचला. मग पाटीवरचे सांगितले, होते तसे. उदाजीरावांचे नाव घेतले, तुझे घेतले नाही.

गणोजी सुटला. देवासला विचारणा गेली आहे. तुझी नोकरी जाईल, जागाही. सांगताना मला ते ठाऊक होते. तुझे पत्र मी जाळले.

सगळ्यांना घेऊन इकडे ये. दोन खोल्या आहेत. इंदूचे अंथरूण माझ्याने अजून उचलवत नाही. त्यावर तुझ्या मुली निजतील. रागावलास तरी चालेल, पण ये.

तुझी ताई