रेघा सरळ होईपर्यंत

सर,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात मी तुमच्या हाताखाली नवीन लागले, तेव्हा प्रकाशाबद्दल मला डिप्लोमाच्या पुस्तकातलं पाठ होतं, म्हणजे जवळजवळ काहीच येत नव्हतं. तुम्ही पडदा ओढून सोडियमचा पिवळा दिवा लावलात, ग्राइंडिंग केलेल्या लोखंडी तुकड्यावर जाड काच ठेवलीत, आणि काचेखाली काळ्या-पिवळ्या रेघा उमटल्या. म्हणालात, "मधे हवेची बारीक फट आहे. काचेवरून आणि लोखंडावरून परतणारा प्रकाश कुठे एकमेकांना जोर देतो, कुठे पुसून टाकतो. रेघा सरळ, तर तुकडा सपाट. वाकड्या, तर नाही." ते मला समजलं, आवडलंही.

तिसऱ्या आठवड्यात मी अख्खा लॉट नापास केला. रेघा वाकत होत्या. सायखेड्याहून येणारे ग्राइंडिंगवाले काका म्हणाले, "ताई, मशीन बरोबर हे. परत एकदा बघा ना." मी पाहिलं नाही. कारखान्याच्या साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं आणि घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच लॉटमधला तुकडा काचेखाली ठेवला होता, तेव्हा तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. "काचेवरचा हात काढ." मी काढला. वीस मिनिटं आपण नुसते बसून राहिलो, आणि रेघा हळूहळू सरळ झाल्या. "हाताच्या उबेनं काचेचा आकार बदलतो. तू तुकडा नाही, स्वतःचा हात मोजत होतीस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. लॉट पास झाला, काकांना बोलावणं गेलं. "त्यांना तू स्वतः सांग," म्हणालात. काका कामावर परतले त्या संध्याकाळी विचारलंत, "सांगितलंस?" मी "हो" म्हटलं.

मी त्यांच्या मशीनपर्यंत गेले होते. ते चष्मा पुसत होते. पुढचे तुकडे कधी येतील एवढं विचारून मी परत आले.

तुमच्या दशक्रियेला काका गोदाकाठी भेटले. म्हणाले, "तवा सरांनी मला इचारलं व्हतं, ताई काही बोलल्या का. मी नाय म्हणलो. तर म्हणले, चूक तिची हे, पण तुम्ही विषय काढू नका. बोलंल तवा बोलंल." म्हणजे माझं 'हो' खोटं आहे हे ठाऊक असूनही तुम्ही पुढे सात वर्षं माझ्या प्रत्येक रिपोर्टवर न तपासता सही केलीत.

काका माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबले. मी तेव्हाही त्यांची माफी मागितली नाही, सर. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं.