मुठीखालची खूण

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.
वहिनीचा गुडघा बरा झाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला.

काल काका दुकानात आले. जुनं रिव्हॉल्व्हर विकायचंय, मॉडेल आणि झीज तपासून कागद दे म्हणाले. आत गोळी नाही ना, ते आधी पाहिलं. सहा गोळ्यांचं, मधून दुमडणारं, घोड्याची अंगठ्याने ओढायची शेपटी लांब, म्हणजे पहिल्या बनावटीचं. नळी आतून खडबडीत, घोडा ओढला तरी सिलिंडर डुगडुगतं. इतक्या झिजलेल्या वस्तूवर नंबर मात्र कोरा करकरीत! म्हणून मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मुठीखाली बाबा लिहायचे तसं आत पेन्सिलीने होतं: तारीख आणि ‘मुख्याध्यापिकाबाई’.

दादा, बाईंनी बाबांकडे दुरुस्तीला दिलेलं ते हेच! बाबांनी परस्पर विकलं असं काकांनी चौकशीत शपथेवर सांगितलं आणि बाबा मान खाली घालून गेले, ते हे. काका जन्मभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसले. कधी पेचकस धरला असता तर फळ्यांखालचं ठाऊक असतं.

तुझी,
ठमी

१६ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.
मी येतो आणि काकांच्या मुस्काटात देतो. तुझी वहिनी म्हणते, ऐंशीचे आहेत, सोडून द्या. बाबांना त्यांनी साठीही पाहू दिली नाही! तू मवाळ पडू नकोस. बाहुली मोडली म्हणून माझ्याशी सहा महिने अबोला धरलास, त्यातला थोडा राग आता काढ.

तुझा,
दादा

२१ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.
आपलं काम झालं. कागदावर मॉडेल आहे, झीज आहे, घासून बदललेला नंबर आहे आणि मुठीखालचं बाबांचं अक्षरही आहे. एक प्रत पोलीस ठाण्यात दिली, एक मुख्याध्यापिकाबाईंना. बाई खूप थकल्यात. एका भल्या माणसाला मी चोर म्हणाले, म्हणून रडल्या.

सोमवारी दहा वाजता दुकानात या. बाई येतील, फौजदार येतील, बाबांकडे पाठ फिरवणारे सगळे शेजारी दुकानदारही येतील. आला नाहीत तर फौजदार घरी येतील. दादाला हात उचलू नकोस म्हणून बजावलंय. मला आपण धडधाकट हवे आहात.

फळ्या पुन्हा बसवल्या आहेत. पेचकस आपल्या हातात देईन. स्वतः उघडा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. एकच स्क्रू आहे.

आशीर्वाद मागत नाही.

आपली पुतणी