बसायचं काम

३ ऑगस्ट १९८४
सूनबाईला, शोभाला, चौथा महिना लागला. वॉर्डात पेशंट उचलणं बंद. इन्चार्ज सिस्टरनेच मायेने सांगितलं म्हणे, "तू आता बसायचं काम घे गं." म्हणजे कॅन्सरच्या पेशंटांची इंजेक्शनं तयार करायची. बाटलीतल्या पावडरीत पाणी सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं. टेबल, खुर्ची, वर पंखा. आमच्या हिने देवापुढे साखर ठेवली. मी आपला दिवसभर, वर्गात शिकवायचो ती दुसरीच्या पुस्तकातली अंगाईची कविता गुणगुणतोय. चाल येते, शेवटचं कडवं काही...

१९ ऑगस्ट
शोभाला मळमळ, डोकं जड. ही म्हणते, दिवसच तसे आहेत. पण सुट्टीच्या दिवशी बरं असतं! सुई वर धरून हवा काढली की तुषार उडतात, पंख्याने तोंडावर येतात. "गार लागतं, बाबा." तुषार म्हटलं की मला पाठ्यपुस्तकातला धबधबाच दिसतो.

२७ ऑगस्ट
मुंबईहून शिकून आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी शोभाला विचारलं, कितवा? आणि हातातली सिरिंजच काढून घेतली. "वाढणारी गाठ मारायचं औषध हे. पोटात वाढणारं ते ओळखून सोडेल होय?" इन्चार्ज सिस्टरला रडू आवरेना. आपल्याच हाताने दिलेलं काम. शोभा जेवली नाही. आमचा दिलीप मालेगावहून, यंत्रमागाच्या कामावरून, मिळेल त्या एसटीने आला. "बाबा, तुम्ही तरी बोला तिच्याशी." एवढ्या कविता पाठ, एक ओळ कामाची निघेना.

२ सप्टेंबर
रक्तात पांढऱ्या पेशी थोड्या कमी. पुन्हा तपासायचं. तोवर डोळ्यांच्या ओपीडीत ड्यूटी.

२४ सप्टेंबर
रक्त चांगलं! बाळाचे ठोकेही लागले. डॉक्टरीणबाईंनी दिलीपलाही नळीला कान लावू दिला. म्हणतो, "आमचे मालेगावचे माग परवडले, बाबा. याला फारच घाई आहे." शोभा किती दिवसांनी हसली. हिने शेवभाजी केली, झणझणीत. शोभाने दोनदा वाढून घेतली. मी गच्चीवर जाऊन चांदोबाची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. शेजारचे बघत होते. बघोत.

११ ऑक्टोबर
शोभाचं डोकं दुखणं गेलं. चेहऱ्यावर तेज आलंय. मी भीतभीत डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाळ नीट असेल ना? म्हणाल्या, "आज सगळं चांगलं आहे, काका. बाकी हातात आल्यावर." एवढंही पुष्कळ.
इंजेक्शनांच्या टेबलाशी आता कुसुम सिस्टर. तिचं लग्न माघात. पंखा बंद केलाय, हातमोजे आलेत, पण ते ऑपरेशनचे धुऊन वाळवलेले. एखाद्या बोटाला भोक असतंच. शोभाने तिला बजावलं, तर हसून म्हणाली, "मला कुठे दिवस गेलेत, ताई?"
शोभा म्हणते, उद्या परत सांगणार. ऐकेल का...