कोलोनमध्ये उतरायचं कुठे?

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने नोंदी ठेवाव्यात, नाहीतर मेंदूला गंज चढतो. मोजणी खात्यात सदतीस वर्षं नोंदी ठेवल्या, एकही खाडाखोड नाही.

सकाळी मुलीचा, रिकेचा, कोलोनहून फोन. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख दिली: १२ ऑक्टोबर. म्हणाली, आई आणि तू दोघंही या. मागची खोली मोकळी आहे, दोन पलंग टाकलेत, हवं तितकं राहा. रोझविथा लगेच हो म्हणून बसली. बायको उतावळी आहे. मी फोन हातात घेतला आणि सांगितलं की आम्ही तुमच्या अंगावर पडणार नाही. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मी कोलोनमधली योग्य वस्ती शोधून तिथे खोली घेईन. रिके म्हणाली, बाबा, तुझी मर्जी.

तीन वर्षांपूर्वी तिने काल्क भागात घर घेतलं, तेव्हा ती वस्ती कशी चुकीची आहे हे मी तिला सात पानी पत्र लिहून समजावलं होतं. नकाशा जोडला होता. तेव्हापासून ती आईशीच बोलते. मी फोन उचलला तर हवामान विचारते. आता नातवंड येणार म्हटल्यावर हे सुरळीत व्हायला हवं. मला त्या बाळाला मांडीवर घ्यायचं आहे. हे इथे लिहून ठेवतो, बोलून दाखवायचं कारण नाही.

निश्चय: शुक्रवारपर्यंत खोली बुक.

४ ऑगस्ट, सकाळी ६.१०

तक्ता तयार. कोलोनच्या चौदा वस्त्या, तेवीस रकाने. आवाज, चढ-उतार, बेकरीचं अंतर, चर्चच्या घंटा, ट्राम, जिना दर शनिवारी झाडला जातो की नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे प्युट्झ जन्माने कोलोनचे. एकोणिसाव्या वर्षी इकडे रॉइटलिंगेनला आले ते कायमचेच. पण कोलोनकर शहर सोडतो, शहराचा तोरा सोडत नाही. त्यांनी सांगितलं, ऱ्हाइनच्या डाव्या काठाला शहर म्हणतात. उजव्याला आम्ही काणा काठ म्हणतो. अहो, तिथे कोणी राहत नाही, तिथे माणूस अडकतो. त्यांच्या आजीने म्हणे उभ्या जन्मात पूल ओलांडला नाही, आणि ओलांडला तेव्हा तिला आठ दिवस सर्दी झाली.

हे शास्त्रीय नाही, पण स्थानिक माहिती आहे. उजवा काठ संपूर्ण बाद. तक्ता एकदम सुटसुटीत झाला. रोझविथाने विचारलं, रिके कुठल्या काठावर राहते. म्हटलं, तो रकाना तक्त्यात नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बुकिंग नाही. याला आळस म्हणू नये. गुण द्यायची पद्धत बदलावी लागली.

११ ऑगस्ट

एरेनफेल्ड बाद. भिंतींवर चित्रं काढतात.

१२ ऑगस्ट

बेल्जियन वस्ती बाद. तरुण मंडळी बीअरच्या बाटल्या घेऊन फुटपाथवर बसतात असं वाचलं. बाकं असताना फुटपाथवर का, याचं उत्तर कुठेही मिळालं नाही.

१५ ऑगस्ट

लिंडेनथाल: शांत, झाडं, तळं. चाळीसपैकी सदतीस. आज बुक करणारच होतो, पण जिन्यात प्युट्झ भेटले. म्हणाले, लिंडेनथाल? तिथे प्रोफेसर राहतात हो, तिथे कोणी हसत नाही. मी काही हसायला चाललेलो नाही, तरी मनात शंका राहिली. सोमवारी पाहू.

२० ऑगस्ट, बुधवार

रिकेचा फोन. रोझविथा आंघोळीला गेलेली, त्यामुळे मीच. तिला आतापर्यंतचे निष्कर्ष ऐकवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाबा, तुझ्या तक्त्यात काल्क कुठे आहे. मी प्रेमाने समजावलं की यात व्यक्तिगत काही नाही, आख्खा काठच बाद आहे.  मग म्हणाली, बरं, आई बाहेर आली की फोन करायला सांग. आणि तुम्ही नाहीच येणार तर मागच्या खोलीतला एक पलंग मैत्रिणीला देऊन टाकते.

एकूण साडेचार मिनिटं. गेल्या तीन वर्षांतलं सर्वांत लांब बोलणं. संबंध सुधारत आहेत.

२ सप्टेंबर

पाच घरमालकिणींना प्रश्नावली पाठवली. एकतीस प्रश्न. उशीची उंचीसुद्धा विचारून घेतली, मागाहून कटकट नको.

९ सप्टेंबर

एकीचं उत्तर आलं. सगळ्या प्रश्नांना मिळून एकच, "नाही."

कोलोनची माणसं मनमोकळी असतात असं सगळीकडे लिहिलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

रोझविथाने जेवताना जाहीर केलं की ती १ ऑक्टोबरला जाणार आणि रिकेकडेच राहणार. एका पलंगावर एक बाई मावते म्हणाली. मी विचारलं, कुठल्या आधारावर हा निर्णय. म्हणाली, आधार कसला डोंबलाचा, माझी मुलगी आहे. मग वीस मिनिटांत बॅग भरून दाराशी ठेवली. अजून सतरा दिवस आहेत. आता रोज त्या बॅगेला अडखळणार.

मला १ तारखेला जाता येणार नाही. २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर जिना झाडायची आमची पाळी आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते, सगळ्या बिल्डिंगला दिसते. खालच्या फ्राऊ क्न्योप्फले म्हणाल्या, आपण पाळी बदलू, नातवंड काय रोज येतं का. आभार मानून नकार दिला. १९९८ साली एकदा अशीच पाळी बदलली होती, तेव्हा दाराशी तीन दिवस एक सुकलेलं पान पडून होतं. कोणाचं नाव घेत नाही.

शिवाय तारीख १२ आहे. घाई कशाला?

२१ सप्टेंबर

तक्ता पूर्ण! निप्पेस पहिलं. साधी कुटुंबं, रोजचा बाजार, बेताचा आवाज. प्युट्झना सांगितलं तर त्यांना भरून आलं. ते निप्पेसचेच निघाले. म्हणाले, माझ्या गल्लीसारखी गल्ली नाही, बाकी सगळं कोलोन म्हणजे तिची उपनगरं. उद्या बुक.

२२ सप्टेंबर

निप्पेसमध्ये खोली नाही. लिंडेनथालमध्ये नाही. एरेनफेल्डमध्ये चित्रांच्या भिंतीआडसुद्धा नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे खाण्यापिण्याच्या मालाचं जगातलं मोठं प्रदर्शन भरतं आणि सगळं शहर वर्षभर आधी भरलेलं असतं म्हणे. हे प्युट्झना चाळीस वर्षांत आठवलं नाही.

रोझविथा म्हणाली, तरी मी ऑगस्टपासून सांगतेय. तिने असं काही सांगितल्याची माझ्याकडे नोंद नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

विजय! निप्पेसमध्ये फ्राऊ किर्शबाउम यांच्याकडे खोली, ८ ऑक्टोबरपासून. कोणीतरी रद्द केली. मागच्या अंगणाकडे खिडकी. मी फोनवर जिन्याचं विचारलं तर त्या खोखो हसल्या आणि म्हणाल्या, या तुम्ही, तुमच्या हातात झाडूच देते. धीराचं फळ. ८ ला पोचायचं, १२ ला बाळ, मध्ये चार दिवस हाताशी.

१ ऑक्टोबर

रोझविथा गेली. जाताना म्हणाली, अजूनही चल, क्न्योप्फलेबाई तयार आहेत. मी झाडू दाखवला.

घर फारच शांत आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दहाला जिना झाडायला घेतला. वरून तिसरी पायरी, तेवढ्यात घरात फोन वाजू लागला. माणूस अर्धा जिना टाकून जात नाही. पुन्हा वाजला. पुन्हा. तळाला पोचलो, पायपुसणं झटकलं, मग वर येऊन पाहिलं. रोझविथाचे तीन फोन.

मुलगी झाली. आठ दिवस आधी. दोघी सुखरूप.

माझं नियोजन १२ तारखेचं होतं आणि ते अचूक होतं. तारीख बाळाने पाळली नाही.

दुपारी फोनवर रिके स्वतः आली. आवाज अगदी लहानपणीसारखा येत होता, थकलेला. म्हणाली, बाबा, उद्या ये ना. मी म्हणालो, बुकिंग ८ चं आहे आणि पाळी उद्या संध्याकाळपर्यंत आहे. म्हणाली, बरं. मी वजन विचारलं. दोन किलो नऊशे. ते मी तक्त्याच्या समासात लिहून ठेवलं. डोळ्यांत धूळ गेली होती. झाडताना जाते.

५ ऑक्टोबर

पाटी क्न्योप्फलेबाईंच्या दाराला लावली. त्यांनी विचारलं, तुम्ही अजून इथेच? त्यांना सगळं समजावून सांगायला चाळीस मिनिटं लागली. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्ही श्वाबी लोकांच्यातसुद्धा एक नंबर आहात. त्या स्वतः इथल्याच, म्हणजे काटेकोरपणासाठी नावाजलेल्या श्वाबीच आहेत, तेव्हा ही मोठी पावती समजतो.

८ ऑक्टोबर, बुधवार, सायं. ५.३०

कोलोन. गाडी आधी उजव्या काठावरच्या स्टेशनात थांबली. पलीकडे काल्कची ट्राम उभी होती. रिकेचं घर तिथून तीन थांबे. दोन मिनिटं मी हातात बॅग धरून उभा होतो. पण माझं तिकीट मुख्य स्टेशनचं होतं आणि सामान आधी खोलीवर टाकावं ही शिस्त आहे. पुन्हा बसलो. गाडी पूल ओलांडून डावीकडे आली.

खोली उत्तम. फ्राऊ किर्शबाउम सत्तरीच्या, ठणठणीत, पिंजऱ्यात एक पिवळा पक्षी. त्यांनी विचारलं, कशासाठी आलात. नात झाली म्हणालो. कुठे? काल्कला. त्या म्हणाल्या, मग मुलीशी भांडण आहे का तुमचं? म्हटलं, छे, तक्ता आहे. त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि सूप वाढलं.

रिकेला कळवलं: उद्या सकाळी बरोबर दहाला हजर. आज प्रवासाचा शीण घेऊन बाळासमोर जाणं योग्य नाही.

९ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

पहाटे शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात बॉम्ब सापडला. महायुद्धातला, अमेरिकन, अडीचशे किलोचा. सगळी वस्ती रिकामी करताहेत. पिवळ्या जॅकेटवाली माणसं दारं ठोकत फिरताहेत. तेवीस रकान्यांत बॉम्ब नव्हता.

मी सोडून कोणालाच नवल नाही. किर्शबाउमबाईंनी पक्षी, पत्त्यांचा जोड आणि थर्मास घेतला. म्हणाल्या, यंदाचा हा दुसरा, चला.

सकाळी ११

शाळेच्या व्यायामशाळेत बाकावर बसून लिहितोय. या भागातल्या ट्राम बंद. किर्शबाउमबाई पत्ते वाटताहेत. मला घेत नाहीत. म्हणाल्या, तुम्हाला नाही देणार, तुम्हाला मुलीचं घर आहे. पाय मोडलेत का? चालत जा की.

रिकेला फोन केला. दहाला येणार होतो, जमलं नाही म्हणालो. ती घाबरली होती, बातम्यांत निप्पेसचं नाव ऐकलं होतं. बाबा, तू ठीक आहेस ना, असं तिने तीनदा विचारलं. हवामान एकदाही नाही.

चालत निघतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ७

काल लिहिणं झालं नाही. आता लिहितो, आणि जसं झालं तसं लिहितो.

पूल पायी ओलांडला. पाचशे अडतीस पावलं. सर्दी झाली नाही. काल्कमध्ये रिकेच्या गल्लीत बेकरी आहे, झाडं आहेत, एक तुर्की भाजीवाला आहे. मी पत्ता विचारल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, आजोबा तुम्हीच का, उशीर केलात. जिना झाडलेला होता.

रिकेने दार उघडलं. किती बारीक झालीय. तिने मला आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. नाव योहाना. तिने माझी करंगळी धरली आणि झोपली. मी एक तास दहा मिनिटं हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, कॉफी गार झाली. रोझविथा म्हणाली, दे इकडे, अवघडलास. मी नाही म्हणालो. इतकं सुख मला कधी झालेलं आठवत नाही.

संध्याकाळी रिकेने कपाटातून गादी आणि पांघरूण काढलं. दुसरा पलंग गेलेला, म्हणून स्वयंपाकघरात जमिनीवर. म्हणाली, बाबा, आज बॉम्बमुळे तुला तसंही परत जाता यायचं नाही, इथे चालेल ना? मी म्हणालो, पाहू. मला म्हणायचं होतं, चालेल. मी पाहू म्हणालो.

तेवढ्यात जावयाच्या फोनवर निरोप आला. बॉम्ब निकामी केला, निप्पेसकरांनी घरी जावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोझविथासुद्धा म्हणाली, बरं झालं बाई. बॉम्ब फुटायला हवा होता असं नाही, पण सकाळपर्यंत तसाच पडून राहिला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?

रिके हातात पांघरूण घेऊन उभी होती. माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणतो याची वाट बघत. आणि माझ्या तोंडून निघालं, खोली रविवारपर्यंत बुक आहे.

ती म्हणाली, हो बाबा, माहीत आहे. तिने पांघरुणाची घडी घालून ते परत कपाटात ठेवलं. मी कोट घातला. तिने दार माझ्यामागे अगदी हळू लावलं, कारण बाळ झोपलं होतं.