सत्तेचाळीस फाटलेली पत्रं

प्रिय धाकटे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच केरात टाकशील, म्हणून वरचं नाव शिंपीमामांकडून लिहून घेतलंय. एवढी लबाडी पोटात घाल. पुढे जे वाचशील, त्यापुढे ही काहीच नाही.

आधी इकडची खबरबात. मंडळी अजून तेच नाटक करते आहे, लोक अजून तिसऱ्या अंकात नाकं शिंकरतात. तुझ्या जागी आलेली नवी मुलगी पाठांतराला चोख आहे, दिसायलाही बरी. पण दुसऱ्या अंकात पत्र लिहायला बसली की कागदावर नुसत्या रेघोट्या ओढते बघ! मास्तर असते तर टाक हिसकावून घेतला असता. आठवतंय ना, मंडळीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकीला ते पहिल्याच दिवशी काय सांगायचे? रंगमंचावर खोटं खा, खोटं रडा, हवं तर खोटं मरा, पण खोटं लिहायचं नाही. पहिल्या रांगेला टाकाची कुरकुर ऐकू जाते आणि रेघोट्यांची कुरकुर वेगळी असते. काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. संहितेतही तेवढंच होतं, 'ती पत्र लिहिते'. बस्स, तीन शब्द. पत्रातला मजकूर कुठेच दिलेला नाही, कारण तो कोणी वाचतच नाही. सेनापतीची बायको शत्रूच्या मुलखात लपलेल्या भावाला चोरून पत्र लिहिते, दासी ते घेऊन निघते, कारभारी तिच्याकडून काढून घेतो, सेनापतीच्या कानात विष ओततो आणि सेनापती ते न वाचताच बायकोच्या तोंडावर फाडून टाकतो. दर प्रयोगाला नवं पत्र, दर प्रयोगाला चिंध्या.

मी अकरा वर्षं ती बायको केली. पत्रात काय लिहायची माहीत आहे? किराण्याची यादी! साबण, काडेपेट्या, ह्यांच्या खोकल्याचं औषध. एकदा कंटाळून शेजारणीला चांगल्या चार शिव्या लिहिल्या होत्या. आणि तरी लोक रडायचे, हो! असं मी स्वतःला सांगत आले. मग चाळिशी उलटली, आणि एका दुपारी शिंपीमामांनी माझा निळा पोशाख माझ्यादेखत तुझ्या अंगावर चढवून कमरेत दोन बोटं आत घेतला. तोंडात टाचण्या धरून ते काहीतरी पुटपुटले, मला वाटतं दिलगिरीच असावी. मला दासीचं काम मिळालं. आपल्या नाटकात बायकांची कामं तीनच, बायको, दासी आणि पडद्याआडून रडणारी म्हातारी आई. वय वाढलं की एकेक पायरी खाली उतरायचं, शेवटी नुसता आवाज उरतो. पुरुषांचं तसं नाही. आमचे हे बावन्नाव्या वर्षीही कारभारीच करतात आणि सेनापती करणारा तर कलप लावून तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता.

तुझा पहिला प्रयोग झाला त्या दिवशी मी विंगेत उभी होते. तू लिहायला बसलीस आणि सगळं नाट्यगृह श्वास धरून बसलं. माझ्या यादीला असं कधी झालं नव्हतं, धाकटे. माझा नुसता जळफळाट झाला. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, पोरगी जरा अतीच करते नाही? हे म्हणाले, जे काय करते ते तुला कधी जमलं नाही. आणि पेपर वर केला.

त्या दिवसापासून मी एक वेडेपणा सुरू केला. दासीचं काम करणारीने अंक संपल्यावर फाटलेले तुकडे झाडायचे, ही आपल्याकडची रीत. मी ते केरात टाकायचे सोडून रुमालात बांधून घरी न्यायला लागले. दुपारी हे तालमीला गेले की खळ घेऊन बसायचे आणि जाड कागदावर तुकड्याला तुकडा जुळवायचे. तुझं गुपित काय ते मला हवं होतं. सत्तेचाळीस पत्रं जुळवली मी, प्रत्येकामागे प्रयोगाची तारीख घातली. आणि गुपित काय निघालं? तू खरोखरच भावाला पत्र लिहायचीस! तुला ना भाऊ ना बहीण, तरी प्रत्येक पत्र 'दादा' म्हणून सुरू व्हायचं. दादा, तटावर पहारा वाढलाय, दादा, निरोप्या पकडला गेला तर तुझं काय होईल, दादा, माझे यजमान मनाने वाईट नाहीत, त्यांचे कान हलके आहेत. एका पत्रात दासीबद्दलही होतं. तिच्यावर माझा विश्वास आहे, असं. ते मी तीनदा वाचलं आणि तरी माझी आग विझली नाही. माणूस किती कोडगं होऊ शकतं ते मी तेव्हा पाहिलं.

त्याच सुमारास तू ती तालीम गाजवलीस. सगळ्यांसमोर विचारलंस, सेनापतीची बायको शेवटच्या अंकात 'मी निर्दोष आहे' एवढंच म्हणून गप्प का मरते? ओरडत का नाही, पळत का नाही? आणि दासीला तर सगळं माहीत असतं, मग ती बोलत का नाही? मीच तुला उत्तर दिलं होतं. म्हटलं, अगं बाई, ती बोलली तर नाटक तिसऱ्याच अंकात संपेल, मग लोकांना घरी पाठवायचं का? काय हसले सगळे! तू एकटी हसली नाहीस. मंडळीचे निम्मे लोक तुझ्या बाजूने झुकायला लागले होते, आणि शेवट बदलला असता तर कारभाऱ्याचं ते टाळ्यांचं स्वगत कापलं गेलं असतं. ह्यांनी तुला एका शब्दाने विरोध केला नाही. उलट पाठ थोपटली. मी बावीस वर्षं संसार केलाय, ह्यांनी पाठ थोपटली की पुढचा वार कुठे पडणार ते मी शोधायला लागते.

आणि मग तो अठ्ठेचाळिसावा प्रयोग. दुसरा अंक संपता संपता सेनापती विंगेतल्या पायरीवरून घसरला, पाय मोडला, पडदा पाडला, लोकांची समजूत घालून त्यांना घरी पाठवलं. त्या धांदलीत तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशातच राहिलं. एवढ्या वर्षांत न फाटलेलं ते एकच. एप्रन धुवायला काढला तेव्हा हाताला लागलं. त्यात नेमकं 'दादा' नव्हतं. तू तशीच सुरुवात केली होतीस, 'किती दिवस वाट पाहू? या घरात माझा जीव घुसमटतो. कोणाला कळायच्या आत ये आणि मला घेऊन जा.' आणि खाली 'तुझीच'.

मी ते चुलीत घालायला हवं होतं. मी ते चहाच्या कपाबरोबर ह्यांच्यासमोर ठेवलं.

का ठेवलं, ते कितीदा तरी स्वतःला विचारलंय. मला वाटलं, हे वाचतील आणि म्हणतील, एवढंच? ह्यात काय मोठंसं? एवढं एक वाक्य ऐकायला मी हपापले होते. ह्यांनी वाचलं, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. खिशात कशाला, हे मी विचारलं नाही. पत्र ह्यांच्याकडे आहे हे तेव्हापासून मला माहीत आहे, धाकटे. तू समजत होतीस की मला कोर्टात कळलं. नाही.

तुझ्या नवऱ्याच्या घड्याळांच्या दुकानात हे स्वतःचं घड्याळ घेऊन गेले. तीन दिवसांनी पट्टा बदलायला, मग काच पुसायला. मला हसत हसत सांगायचे, भला माणूस आहे, पण मनाने अगदी हळवा. चौथ्या खेपेला पत्र दिलं. म्हणाले, मेकअपच्या टेबलाखाली सापडलं, तुमच्या घरचंच असेल, मी काही वाचलेलं नाही, आणि तुम्हीही काही मनात आणू नका. बस्स, एवढंच बोलले. नाटकात कारभाऱ्याला पाच पानी भाषण लागतं, ह्यांचं काम चार वाक्यांत झालं. मग तुझा नवरा तुला प्रयोगाहून न्यायला यायचा थांबला. मग तुझं सामान दाराबाहेर आलं. मग तुझी पोर, छकुली.

कोर्टात तुझ्या वकिलांनी मला मोठ्या आशेने उभं केलं होतं. बोलतील तर थोरल्याच बोलतील, असं तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे. समोरच्या वकिलाने तुझं पत्र तीनदा मोठ्याने वाचलं, 'तुझीच' वर दर वेळी थांबून. मग मला विचारलं, नाटकातलं पत्र दर प्रयोगाला फाडतात ना? मी म्हटलं, हो. एखादं न फाटलेलं कधी उरलंय? हे पाठीमागच्या बाकावर बसले होते. मी वळून पाहिलं नाही, गरजच नव्हती. मी म्हटलं, नाही, कधीच नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सात वर्षांची पोर बापाकडे गेली आणि तुला रविवारचा एक तास मिळाला, तोही शिपायाच्या देखरेखीखाली.

मी म्हणेन की भीतीने बोलले नाही, तर तेही अर्धंच खरं. भीती होतीच. पण तू गेल्यावर दोन प्रयोग निळा पोशाख पुन्हा माझ्या अंगावर चढला होता, शिंपीमामांनी शिवण उसवून दिली होती. नवी मुलगी मिळेपर्यंतच, पण चढला होता. दोनच प्रयोग, धाकटे. तेवढ्यासाठी. थू माझ्या जिंदगानीवर.

गेल्या महिन्यात ह्यांचं घड्याळ आणायला मी त्या दुकानात गेले. छकुली आत स्टुलावर बसून गृहपाठ करत होती. केस कापलेत तिचे, पार कानाच्या वर. तुझ्यासारखीच टाकाचं टोक ओठात धरते, ओठ निळा झाला होता. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही दासी ना? मी ओळखलं. विंगेतल्या पेटाऱ्यावर बसून तिने किती प्रयोग पाहिलेत! मी हो म्हटलं. तिने विचारलं, आई अजून नाटकात आहे का? बापाने आतून हाक मारली. मला तिच्या डोक्यावरून हातही फिरवता आला नाही. घरी आले आणि माळ्यावरून डबा काढला.

तो डबा शिंपीमामा ह्या पत्राबरोबर तुझ्या हातात देतील. बिस्किटांचा जुना डबा आहे, झाकण घट्ट बसतं, चमच्याने उचकट. आत तुझी सत्तेचाळीस पत्रं आहेत, सगळी तुझ्याच अक्षरात, मागे तारखा. 'दादा' आहे, तटबंदी आहे, निरोप्या आहे. अठ्ठेचाळिसावं कोणाला लिहिलं होतं ते आंधळ्यालाही कळेल.

मंगळवारी तुझ्या अपिलाची तारीख आहे. मी तुझ्या वकिलांना भेटून आले. खोटी साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, होऊ दे. मी येणार आहे आणि बोलणार आहे. पण घरात त्याला वास लागलाय. आता त्याला 'हे' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माळ्यावरची धूळ हललेली त्याने पाहिली. आणि माझी पाठ थोपटली. ह्या आठवड्यात दोनदा तो बाहेरून कडी लावून गेलाय. आज कपड्यांना इस्त्री करायचं निमित्त सांगून मी शिंपीमामांच्या खोलीत बसून भर दुपारी हे लिहिते आहे, मामा दाराशी शिवत बसलेत.

म्हणून नीट ऐक. हे पत्र माफीसाठी नाही. माफी मागायला मी समोर येईन, आणि तू दार लावून घेतलंस तरी बाहेर उभी राहीन. मंगळवारी मी कोर्टात दिसले नाही, तर थोरली पुन्हा घाबरली असं समजू नकोस, मला येऊ दिलं नाही असं समज, आणि वकिलांना सांगून आधी माझ्या दाराची कडी काढायला माणूस पाठव. पण माझी वाट न बघता न्यायाधीशांपुढे हे वाच. हीच माझी साक्ष. खाली मी सही करते, मामा साक्षीदार म्हणून करतील. एवढं एक पत्र तेवढं फाटू देऊ नकोस.

तुझीच म्हणायचा हक्क मंगळवारनंतर मागेन. आज नुसती,

थोरली