नाव घ्या

४ जानेवारी, रविवार

निमगाव केतकीत आले. पाठीवर लॅपटॉप, बगलेत उशी आणि पिशवीत सहा फासे. मोहनराव स्टँडवर न्यायला आले होते. त्यांच्या डाळिंबाच्या बागेतली वरची खोली दोन महिने माझी. खिडकीतून दोन विहिरी, शेळ्यांचं कुंपण आणि लांबवर उसाचे ट्रॅक्टर दिसतात. पुण्यात शेजाऱ्यांचा गिझर दिसायचा. मी खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला तशी सवय नाही.

मोहनरावांनी विचारलं, काम काय करता. सांगितलं, की चार-सहा मित्र टेबलाभोवती बसून फासे टाकत एक गोष्ट खेळतात. कुणी राजपुत्र होतो, कुणी चेटकीण. ती गोष्ट जिथं घडते ते जग मी बनवते. नकाशे, राज्यं, देव, शाप, सगळं. ते म्हणाले, "आन् तितं पानी कुटनं येतं?" इतका शहाणा प्रश्न दिग्विजयनं दहा वर्षांत विचारला नाही.

दिग्विजय माझा प्रकाशक. माझी तीन जगं त्यानं स्वतःच्या नावानं छापली आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. या चौथ्यावर माझं नाव येणार, असं त्यानं कबूल केलंय. कव्हरवरच्या त्या एका ओळीसाठी मी इथं येऊन बसलेय.

८ जानेवारी, गुरुवार

जग बनवणं सोपं असतं, नावं सुचणं अवघड. माझ्या राज्यांची नावं खोकल्याच्या औषधांसारखी वाटतात. इथं मात्र प्रत्येक बांधाला नाव आहे. दोन विहिरींपैकी जुनी ती 'सवतीची'. मोहनरावांच्या पणजोबांची दुसरी बायको रुसून बसली म्हणून तिच्यासाठी खणलेली. मी ते नाव उचललं आणि माझ्या नकाशावर मोठ्या नदीच्या उगमाला देऊन टाकलं. पाण्याचा प्रश्न सुटला.

शेळ्या राखणारं जोडपं बागेच्या कडेला राहतं, गेणबा आणि नकोशीबाई. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापांनी नकोशी ठेवलं, हे बाईंनीच सांगितलं, अगदी हसत. गेणबा म्हणाले, "त्यास्नी नको हुतं, मी घेतलं." लग्नापासून ते उखाण्यात बायकोचं नाव घेतात, तेही कुणी सांगायची वाट न बघता.

११ जानेवारी, रविवार

सकाळी गोंधळ झाला. मोहनरावांनी सुनेला, अनिताला, मोटर चालू करायला सांगितलं. कुठल्या विहिरीवरची ते काही सांगता येईना. "ती गं, आपली ती..." एवढ्यावरच गाडी अडली. अनितालाही आठवेना. तिनं भलतीच मोटर लावली आणि ती कोरडी चालून जळाली. मी वरून 'सवतीची, सवतीची' म्हणून ओरडले. दोघं माझ्याकडे बघत राहिले. काय म्हनलात, काय म्हनलात, असं तीनदा. मला हसू आलं.

१३ जानेवारी, मंगळवार

राणी सापडली. सात राज्यांनी हाकललेली आणि शेवटी सातांवर राज्य करणारी. तिचं नाव नकोशी. दुसरं शोभलंच नसतं. दिग्विजयला पाठवलं. तो खूश.

१८ जानेवारी, रविवार

अनिताकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका, तिळगूळ, चहा. शेळ्यांना पाला टाकून गेणबा दारावरून जात होते, त्यांना बायकांनी अडवलं. म्हणाल्या, तात्या, नाव घ्या. ते ऐटीत उभे राहिले, टोपी सारखी केली, दोन ओळी म्हटल्या. यमकापर्यंत आले आणि थांबले.

सगळ्या हसल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथंच थांबले. मग एकेक बाई हसायची थांबली, कारण त्यांच्याही ध्यानात आलं की पुढचा शब्द कुणालाच येत नाही. नकोशीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, तोंड उघडं ठेवून. स्वतःचं नाव आठवत होत्या.

मला येत होतं. मी मोठ्यानं सांगितलं. कुणाला ऐकूच आलं नाही.

१९ जानेवारी

अनिताला माझ्या जगाच्या पुस्तकातलं पान वाचायला दिलं. घडाघडा वाचते ती. राणीच्या नावाशी आली आणि ओठ थांबले. म्हणाली, "ताई, हितं कायबी न्हाय."

आता कळतंय. मी जे नाव त्या जगात घातलं ते इथून गेलं. उरलं ते फक्त घेणाऱ्याच्या डोक्यात. आपण सहज म्हणतो नाव घ्या. मी खरोखर घेतलं. दिग्विजयला चोर म्हणणारी मी.

२० जानेवारी

गावात डोळे तपासायचं शिबिर होतं. नावं पुकारत होते. बाईंचं आलंच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून होत्या. अनितानं रात्री ताटं वाढली त्यात त्यांचं ताट नव्हतं. विसरली. गेणबा त्यांच्याकडे बघतात आणि हाक मारायला जातात आणि नुसते उभे राहतात.

मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. म्हणाल्या, "नको म्हून ठिवल्यालं का आसंना, माजं हुतं त्ये. दिऊन टाका की ओ."

मला माझीच लाज वाटते.

२१ जानेवारी

राणीचं नाव खोडलं. फाईल बंद करून उघडली, पुन्हा नकोशी. नवीन नावं बनवून टाकली, बारा. टिकत नाहीत. राणीच पुसून टाकली. परत आली. त्या जगाला माणसाचं नाव लागतं. जिवंत माणसाचं.

बाई आज कुंपणाशी दिसल्या. गेणबांनी मला विचारलं, कोण हाय ती बाई?

२२ जानेवारी

दिग्विजयचं टाकावं. बोटं 'दि' पर्यंत गेली. मग त्याची मुलगी आठवली. शाळेत बापाचं नाव काय सांगेल ती —

माझंच टाकते. मला नावानं हाक मारणारं तसं उरलंय कोण. आणि कव्हरवर येणारच आहे, तिथं वाचेन.

टाकलं. टिकलं.

२३ जानेवारी

खालून गेणबांचा आवाज. नाव घेतायत! एकामागून एक, थांबतच नाहीत. नकोशीबाई लाजून ओरडतायत. मी जिन्यात बसून रडले.

दुपारी. दिग्विजयचा फोन. कव्हर छापायला चाललंय, तुझं नाव काय लिहू, म्हणाला. दहा वर्षं ओळखतो मेला — मी हसले. सांगायला तोंड उघडलं —

फाईल उघडली. राणीचं नाव समोर आहे. बघते, वहीकडे वळते, गेलं. घेणाऱ्याच्या डोक्यात उरतं खरं, पण या वेळी घेणारी मी आणि जिचं गेलं तीही मीच. पुन्हा बघते. कॉपी करून पाठवलं. कोरा मेसेज आलाय म्हणतो. आधार कार्डावर बोट ठेवून वाचते — बोटाखाली —

पुन्हा फोन. पाच मिनिटं देतो म्हणाला. नाहीतर नेहमीसारखं माझंच टाकतो, म्हणे.

थांब. सांगते. लिहून घे. माझं नाव