तेरा ठिपक्यांचा घोटाळा

५ मार्च २०१९, मंगळवार
गुरुवारी चार वाजता विभागाचा सेमिनार. बोलणार मी! तीन वर्षं उराशी धरलेलं प्रमेय सगळ्या बुडापेश्तच्या शहाण्यांपुढे फळ्यावर सिद्ध करायचं. टिकलं तर जूनमध्ये प्रबंध. नाही टिकलं तर शिष्यवृत्ती बंद आणि मी मिश्कोल्त्सला परत — आईच्या शाळेत सातवीला गणित. आई आत्ताच खूश. माझ्या खोलीचे पडदेसुद्धा धुतलेन!

विभागात माझ्या खोलीत बसणारा बोटोंड शहरातल्या बसची वेळापत्रकं आखतो आणि स्वतः रोज उशिरा येतो. तो म्हणाला, तिहामेर सर पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले की निश्चिंत राहा, उघडले की मेलीस, किंचो. सर माझे मार्गदर्शक. वय एकोणऐंशी. माझी सगळी सिद्धता त्यांच्याच एका जुन्या उपप्रमेयावर उभी आहे. म्हणजे पाया तरी पक्का.

६ मार्च
कॉम्प्युटरने बारा ठिपक्यांपर्यंतचे माझ्या प्रमेयात बसणारे सगळे आलेख — ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा — तपासले. एकही दगा देत नाही! तेरा ठिपक्यांना म्हणे दोन महिने लागतील. तेरात असं काय आभाळ कोसळणार आहे?

७ मार्च
कोसळलं.

चाळिसाव्या मिनिटाला सरांनी डोळे उघडले. उठले, माझ्या हातातला खडू घेतला, तेरा ठिपके काढले, रेघांनी जोडले. म्हणाले, "तुझं प्रमेय यावर चालवून दाखव बघू." चालवलं. चाललं नाही. लोकांनी फार सभ्यपणे टाळ्या वाजवल्या — त्यापेक्षा शिव्या परवडल्या. सर चहालाही न थांबता निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

८ मार्च
महिला दिन. दरवर्षीसारखा विभागातला एकेक पुरुष ट्युलिप घेऊन आला. फक्त यंदा 'अभिनंदन' म्हणायच्या ऐवजी 'सांभाळ हं' म्हणाला. बोटोंडने दोन आणली. मी म्हटलं, अरे गाढवा, आपल्याकडे जोडीनं फुलं मयताला देतात. तर म्हणतो, "माहितेय. प्रमेयासाठी आहेत."

हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१० मार्च
आईचा फोन. सांत्वन करताना तिला आनंद लपवता येत नाही.

११ मार्च
माझी बावीस पानं तीनदा तपासली. चूक नाही! कुठेच नाही! मग उरलं काय? सरांचं उपप्रमेय. ते सगळेच वापरतात, वाचलंय कुणी? ग्रंथालयाच्या तळघरातून १९७८ची विभागाची पुस्तिका काढून आणली. त्यात सरांची सिद्धता, चार पानं. शेवटचं वाक्य — 'उरलेला भाग सहज दिसतो.'

मला दिसेना. चार तास डोळे फोडले. मग त्यातच तेरा ठिपके घालून पाहिले — आणि नेमकं तिथेच, त्या 'सहज'पाशी, सगळं मोडतं! एक्केचाळीस वर्षं आम्ही सगळे माना डोलावतोय!

आता हे त्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? आयुष्यभर ज्या कामाने ओळखले गेले ते हेच. बोटोंड म्हणतो, गप्प बस, मास्तरीण झालीस तरी चालेल. पण मग माझं काय?

१३ मार्च
जिन्यात तीनदा उजळणी करून सरांचं दार ठोठावलं. कुलूप. गुरुवारपासून आलेच नाहीत म्हणे.

१४ मार्च, गुरुवार
आजच्या सेमिनारला वक्ते — तिहामेर सर. विषय: 'माझी चूक'. तेच तेरा ठिपके काढले. म्हणाले, "हे मोडतंय ते किंचोचं नाही, माझं आहे. काढता काढताच लक्षात आलं होतं. सांगायचा धीर झाला नाही." मग खडू खाली ठेवून, "नेमकं कुठे मोडतं ते मला आठ दिवसांत सापडलेलं नाही. कुणाला सापडलं असेल तर त्याचा प्रबंध तयार आहे."

मी हात वर केला.